चौथा प्रकार

सुभद्राबाई नावाच्या एका अनोळखी आईचं पत्र गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत आलं. त्यांचा थोरला मुलगा डेंग्यूने गेला होता. धाकट्यासाठी तुमची लस कधी मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर टाळत राहिलो.

आज चाचणीचे निकाल आले. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. आमची लस तीनच अडवते.

"सर, तीन काय थोडे झाले? स्वस्तही आहे," सहकारी मृण्मयी म्हणाली.

"चौथ्याने गाठलं, तर हीच लस आजार वाढवू शकते."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? तुम्ही सत्तरीला आलात!"

"तू आहेस ना."

तिने हातमोजे चढवले.

मी बाईंना लिहिलं, 'ताई, लस अजून नाही. धाकट्याला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवा. हा डास दिवसा चावतो.' पत्र पेटीत टाकलं.