पांढुर्ण्याचा शिक्का

सातवं कार्ड मंगळवारी आलं. सुनंदानं ते पोस्टमनच्या हातून घेतलं आणि उंबऱ्यातच उभं राहून वाचलं. अक्षर तेच, डावीकडे झुकलेलं. खाली सही नाही. 'बस्तरच्या यादीत तुमचं नाव चढलं आहे. पुढच्या हप्त्यात ऑर्डर निघेल. सावध असावे.' शिक्का पांढुर्ण्याचा.

हे कार्ड चुलीत घालायचं तिनं ठरवलं होतं. पण तेवढ्यात मधल्या सुट्टीत मोरेश्वर मास्तर घरी आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "टपाल आलं का?"

तिला लपवता आलं नाही. मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं. वाढलेल्या ताटाकडे न बघता ते अंगणात गेले आणि दारापासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारू लागले.

गेल्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं होतं. नागपूर मुंबईकडे गेलं, त्यांचं सौंसर मध्यप्रदेशातच राहिलं, आणि हाकेवरची राजधानी भोपाळला जाऊन बसली. तेव्हापासून तालुक्यातल्या मराठी मास्तरांना दर आठवड्याला नवी अफवा ऐकू येई. शाळा बंद होणार, मास्तर सरगुजा-बस्तरला जाणार. दोघांच्या बदल्या खरोखरच झाल्या होत्या. त्यामुळे ही कार्डं खोटी आहेत असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

कार्ड आलं की मास्तरांचं खाणं सुटे. नखं कुरतडून बोटांना रक्त येई. तीन-चार दिवस असे गेले की ते एकदम बसत आणि एका बैठकीत गोष्ट लिहून काढत. त्या गोष्टी पांढुर्ण्याच्या रघुनाथरावांच्या मासिकात छापून येत. रघुनाथरावांचा छापखाना लहान, मासिकही लहान. पण या गोष्टींमुळे आता नागपूरहून वाचकांची पत्रं येऊ लागली होती.

कार्डं सुरू होण्याआधीचं वर्ष शांत गेलं होतं. मास्तरांचा जुना घोर आणि जागरणं सुटावीत म्हणून सुनंदानं त्यांना जामसांवलीच्या मारुतीला पाच शनिवार नेलं होतं, आणि मास्तर खरंच सुधारले. जेवत, झोपत, मुलीला, छायाला, पाढे शिकवत. फक्त त्या वर्षात त्यांच्याकडून एक ओळ लिहून झाली नाही. रोज सकाळी कोऱ्या कागदासमोर बसत आणि शाळेची वेळ झाली की उठत. एकदा म्हणाले, "बरा झालो, अन् रिकामा झालो." तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

हेडमास्तर यशवंतरावांचं म्हणणं होतं की हुशार माणसाचं डोकं असंच असतं. त्याला स्वस्थ बसता येत नाही, आणि स्वस्थ बसला तर तो हुशार उरत नाही. सुनंदानं ऐकून घेतलं. पण घरात आता छायाचीही झोप उडाली होती. गाव सोडावं लागणार म्हणून त्या सात वर्षांच्या पोरीनं आपली मांजर शेजारच्या मनकर्णाबाईंना आधीच देऊन टाकली होती.

बुधवारी मास्तर फळ्यावर गणित लिहितालिहिता खाली पडले. डॉक्टरनं तपासलं. हृदय चांगलं आहे, मज्जातंतू थकले आहेत, फिकर काढा, म्हणाला.

फिकर कुठून येते हे सुनंदानं गुरुवारी शोधलं. सातही कार्डं तारखेनं मांडली. शेजारी मासिकाचे अंक मांडले. पहिल्या सहा कार्डांतल्या एकेका कार्डामागे पंधरा दिवसांत एकेक गोष्ट छापून आली होती. यात फायदा कुणाचा, हे समजायला फार शिकावं लागत नव्हतं.

शुक्रवारी भावाकडे बोरगावला जाते म्हणून सांगून ती पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली. दोन्ही अंगांना संत्र्यांचे बगीचे मागे पडत होते आणि काय बोलायचं ते ती मनात घोकत होती. मध्येच वाटे, आपण चुकलो असलो तर? एक भला माणूस कायमचा तुटेल.

रघुनाथराव कच्ची छापील पानं तपासत बसले होते. तिनं सात कार्डं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकाकडेही नीट पाहिलं नाही.

"मीच लिहिली, वहिनी," ते म्हणाले. "डाव्या हातानं."

ते नाकारतील असं धरून ती आली होती. घोकलेलं निम्मं बोलणं तिथंच वाया गेलं.

"तिकडे माणूस मरून राहिला आहे," ती म्हणाली. "तुमच्या चार पानांसाठी? मी इथून सरळ ठाण्यात जाऊन राहिली."

रघुनाथरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते म्हातारे दिसले. दोनदा हे बंद करायचा प्रयत्न केला, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही वेळा जमलं नाही.

"जा तुम्ही ठाण्यात. मी अडवत नाही. मीही थकलो आता. पण आज सकाळच्या टपालात हे आलं, ते वाचून जा."

त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून दिलं. शिक्का सौंसरचा होता. आतलं अक्षर मास्तरांचं, सरळ, वळणदार, कुठंही न थरथरलेलं.

'रघुनाथराव, आपलं ठरलं तसंच चालू ठेवा. कोणती बातमी खरी आणि कोणती रचलेली, हे मला कधीही कळू देऊ नका. मीच थांबवा म्हणालो तरी थांबू नका. सातवं कार्ड मिळालं. आज वर्गात पडलो, पण ते उपाशी पोटानं. बदलीची आता भीती वाटत नाही. गोष्ट दोन पानांवर अडली आहे. पुढलं कार्ड सुनंदाबद्दल लिहा.'