बसून उठणे : दहा वेळा

खुर्चीत बसून बाबांना पाऊण तास झाला, तरी त्यांचं उठायचं लक्षण दिसत नव्हतं.

विद्यापीठाच्या फर्निचर विभागाचं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं. वर्कशॉपमधली यंत्रं भिंतीकडे सरकवून, कोपऱ्याकोपऱ्यातला भुसा झाडून, मधोमध चौदा खुर्च्या मांडल्या होत्या. विषय सगळ्यांना एकच होता: एका खऱ्या माणसासाठी खुर्ची. कुणी मामा निवडला, कुणी शेजारच्या शिंपीणबाई. लेकीनं आपला बाप निवडला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला हा माणूस. जगाला खुर्च्या करून दिल्या आणि स्वतः मात्र जन्मभर अकरा इंची ठोकळ्यावर बसून रंधा मारला. तिनं बैठक बरोबर अकरा इंचांवर ठेवली. रंधा मारणाऱ्याच्या कोपरांना अडचण नको म्हणून बाजूचे हात दिले नाहीत. पाठ मात्र अशी दिली, की टेकलं की डोळे मिटावेत. अख्ख्या खुर्चीत एक खिळा नव्हता.

बाबा सकाळच्या गाडीनं नऊ तासांचा प्रवास करून आले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खिशात सवयीनं चपटी पेन्सिल. बापलेकीची भेट दोन वर्षांनी होत होती. सुट्टी लागली की तिचं कधी एखाद्या कारखान्यात शिकणं निघे, कधी स्पर्धा. फोन मात्र ती दर रविवारी न चुकता करायची आणि फोनवर बाबा नेहमी ठणठणीत असायचे.

तिच्या वर्गमित्राचा मामा दोन मिनिटं टेकून चहाला पळाला होता. त्या मित्रानं बाबांकडे पाहून डोळा मिचकावला आणि म्हणाला, यांना आता खुर्चीसकटच गाडीत घालावं लागणार. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईसुद्धा दोनदा येऊन पाहून गेल्या. दुसऱ्यांदा त्या हसून म्हणाल्या, खुर्ची फारच आवडलेली दिसते.

"उठावंसंच वाटत नाही," बाबा म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी लांबूनच लेकीकडे पाहून भुवया उंचावल्या. तिचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि खरंच पहिला नंबर तिचा आला. परीक्षक बाई म्हणाल्या, चौदा खुर्च्यांपैकी ही एकच अशी आहे, की जिच्या माणसानं ती सोडली नाही. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. बाबांनीही वाजवल्या, पण बसल्या बसल्या. मग टाळ्या थांबल्यावर त्यांनी दोन्ही तळवे बैठकीच्या कडेला टेकले, बोटभर वर आले आणि पुन्हा खाली गेले. हे सगळं हसऱ्या तोंडानं. ते तिनं पाहिलं, आणि गळ्यात अडकवलेली पहिल्या नंबराची फीत तिला एकदम काचायला लागली.

ती जाऊन त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"बाबा, जेवायला चला. सगळे निघालेत."

"जाऊ दे त्यांना पुढं. सगळे गेले की मग बघू."

तिनं हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पँटीच्या आत पट्टा बांधलेला हाताला लागला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. गुडघे वाकेनात म्हणून ठोकळा सुटून दीड वर्ष झालं होतं. आता उंच टेबलाशी उभ्यानंच काम करत होते. फोनवर काय दुखणी सांगायची, ती बिचारी आपल्या अभ्यासात.

"मग बसलात कशाला?"

"तू केलीस ना. म्हटलं, उठायचं मागाहून बघू."

सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता: लाकडाला करवत लावण्याआधी त्या माणसाकडे जा. त्याला दहा वेळा बसव, दहा वेळा उठव, टेपनं माप आणि डोळ्यांनी पाहा, मग तक्ता भर. माप घ्यायच्या महिन्यात तिचं नमुन्याचं काम मागे पडलं होतं. नऊ तास जायचे, नऊ तास यायचे. बापाचं माप लेकीला ठाऊक नाही तर कुणाला, असं म्हणून तिनं वसतिगृहातल्या टेबलावर एका बैठकीत तक्ता भरून टाकला होता. त्याच वेळी गेली असती तर. तिला रडू आलं, पण रडायलाही आता तोंड नव्हतं.

शेवटचा माणूस दाराबाहेर गेला. बाबांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर टाकले आणि ती त्यांना घेऊन हळूहळू उभी राहिली. त्यांचं वजन तिला वाटलं होतं त्यापेक्षा किती तरी कमी होतं. उभे राहिल्यावर ते काही वेळ तसेच तिला धरून होते. मग खाली वाकता येईना म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच हात फिरवला, सांध्यावरून नख ओढून पाहिलं.

"सांधे चोख आहेत हो, मिस्त्रीणबाई," ते म्हणाले. "मघाशी त्या बाई विचारत होत्या, माप घ्यायला लेक घरी आली होती ना? मी म्हटलं, आली होती की. चांगली दोन दिवस राहिली."

खुर्चीसमोरच्या फळीवर, बसलेल्या माणसाच्या अगदी डोळ्यांपुढे, तिनं भरलेला तक्ता लावलेला होता. माप प्रत्यक्ष घेतले : होय. बसून उठणे : दहा वेळा. त्रास : नाही.

बाबांनी एकदा तिकडे पाहिलं.

"अक्षर मात्र सुंदर आहे गं तुझं," ते म्हणाले.