अकरा टोले

फाटकाबाहेरच्या रसवंतीवर ऋतुराजनं दोन ग्लास मागवले. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला गावातून आम्ही दोघंच आलो होतो. निबंधाचा विषय होता, 'मी पाहिलेला अन्याय'.

"तूही तुझ्या दादाचंच लिहिलं असशील," तो म्हणाला. "मी लिहिलं, शेताच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या काकानं त्याला पहारीनं मारलं. मी आडवा गेलो, पण तोवर तुझा दादा गेला होता."

"टोले किती लिहिलेस?"

"तीन."

"मी अकरा लिहिले. सातव्यानंतर हाडाचा आवाज थांबला, ओला आवाज यायला लागला. तू मोजले नसशील. तू त्याचे पाय दाबून धरले होतेस आणि डोळे मिटले होतेस."

ग्लास कलंडून रस त्याच्या पायांवर सांडला. दोन वर्षं मी भीतीनं 'काही दिसलं नाही' म्हणत आले होते. आज सगळं लिहून टाकलं.

"माझं नाव लिहिलंस?"

"उत्तरपत्रिकेत कुणाचंही नाव लिहायचं नाही, असा नियम आहे." मी रसाला हात न लावता माझं पॅड उचललं. "सोमवारी कोर्टात माझी साक्ष आहे. तिथं हा नियम नाही."