जनाजा उचलण्याआधी

दुष्काळाच्या त्या साली मस्तगडातले पाशामियाँ शिंपी सकाळी वारले, आणि दुपार व्हायच्या आत दुकानाची किल्ली थोरल्या भावाच्या, बदरोद्दीनच्या खिशात गेली. मय्यतीपाशी बसलेल्या बायका त्यांच्या बायकोच्या, मैमूनाच्या मागं लागल्या होत्या, "निकाहात कबूल केलेली मेहरची रक्कम त्यानं दिली न्हाई. आता माफ केली म्हण, म्हणजे बिचारा मोकळा व्हईल." दोन पोरी मैमूनाच्या मांडीला चिकटल्या होत्या, डब्यात रेशनच्या मिलो ज्वारीचं मूठभर पीठ उरलं होतं, आणि तो एक शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघत नव्हता.

जनाजा अंगणात आला, तसं बदरोद्दीननं रिवाजाप्रमाणं सगळ्या लोकांसमोर पुकारलं, "माझ्या भावावर कुणाचं देणं असंल तर आत्ताच सांगा. दुकान इकावं लागलं तरी आधी देणं फेडीन, मंगच वाटण्या."

चहावाल्यानं माफ केलं. कापडवाल्यानंही मान हलवून माफ केलं. बदरोद्दीननं समाधानानं खांदा द्यायला हात पुढं केला.

 

तेवढ्यात दाराच्या पडद्याआडून आवाज आला, "भाईजान, माझी मेहर बाकी हाये."