आईची तक्रार

आमची संगणकप्रणाली मुक्तस्रोत, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी. दर वर्षी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, मग तिला निरोप. सगळ्यात जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या माझ्याकडे. तिची मुदत कधीच संपली होती, पण एक वापरकर्ती दर सोमवारी न चुकता तक्रार पाठवायची, म्हणून साहेब मुदत वाढवत होते. ती वापरकर्ती म्हणजे माझी आई.

शेवटी साहेब वैतागले. "एका बाईसाठी आख्खा विभाग चालवायचा का रे? जा, त्यांना नवी आवृत्ती टाकून दे." विभाग म्हणजे मी आणि माझी खुर्ची. आईने नवी घेतली की दोघांचीही गच्छंती. पण आईच्या पदराआड किती दिवस लपणार?

रविवारी घरी गेलो, तिचा संगणक उघडला, तर आत सगळ्यात नवी आवृत्ती.

"आई, हे कधी टाकलंस?"

"झाले बरेच महिने. मस्त चालतंय, एकदाही अडकलं नाही."

"मग दर सोमवारच्या तक्रारी?"

आईने माळ्याकडे बोट दाखवलं. "तुझा जुना संगणक आहे ना, जुन्या आवृत्तीचा, तो डबा तेवढ्यासाठी खाली काढते. तूच म्हणाला होतास, वापरणारं कुणी उरलं नाही की तुझं काम बंद."

"साहेबांना काय सांगू आता?"

"सांग, म्हातारी ऐकत नाही. आणि लवकर बोल, उद्या सोमवार आहे. काय बिघडवू?"

"प्रिंटर," मी म्हणालो. "तो वर्षभर पुरतो."