मीठ पकडणारी टॉर्च

जेवण झालं की केळुसकर सरांनी हात पुढे करायचे आणि मालतीबाईंनी त्यांवर टॉर्च मारायची. हृदयाचं दुखणं असलेल्या घराघरांत आता हीच रीत होती. मीठ असेल तिथे पिवळं चमके.

आज तर्जनी चमकली.

"लोणचं खाल्लंत?"

"छे, बरणी नुसती सरकवली."

"सोडियमचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षेत उडी मारतो आणि परतताना पिवळा उजेड टाकतो. तुम्हीच शिकवायचात ना मुलांना? तो काय तुमच्यासाठी हिरवा टाकेल? सकाळी रिपोर्ट चांगला आला, म्हणून लगेच मोकाट!"

सरांना वेगळाच संशय होता. नवऱ्यासोबत मीही अळणीच जेवते, असं ही गावभर सांगते. मग अळणी खाऊन जीभ एवढी तिखट कशी राहते? त्यांनी टॉर्च हिसकावली. मालतीबाईंचे हात कोरे निघाले. ओठही. सरांनी टॉर्च जरा वर धरली, तर दोन्ही डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत पिवळ्या रेघा उजळल्या.

"रिपोर्ट चांगला आला म्हणालीस ना?"

मालतीबाईंनी उठून लोणच्याची बरणी आणली आणि सरांच्या पुढ्यात ठेवली.