दांड्याची उंची

दुर्गेश्वरीबाईनं निंदणयंत्र धानाच्या बांधीच्या चिखलातून दहा पावलं ढकललं, कमरेवर हात ठेवला आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, “कोण्या पोरीच्या मापानं बनवलं जी हे?”

धुऱ्यावर उभी असलेली अख्खी कंपनी हसली. अख्खी म्हणजे चार माणसं. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या अर्जुनी मोरगावच्या त्या टिनाच्या शेडमध्ये विभाग मात्र सात. खेमराज शिंकला की विक्री आणि दुरुस्ती एकदम बंद पडत. पण मालक गजेंद्रनं यंदा नियमच केला होता: नव्या यंत्राच्या तपासणीला हरेक विभाग बोलणार, यंत्र चालवणारी बाईही बोलणार, आणि एकानंही नाही म्हटलं तर यंत्र बनणार नाही. मागल्या साली मालक आणि टिकाराम मिस्त्री या दोघांनीच पास केलेली अकरा यंत्रं परत आली होती. त्यातलं एक तर, खेमराज शपथेवर सांगतो, त्याला आणणाऱ्या बैलगाडीच्याही आधी पोचलं.

टिकाराम तेवढा हसला नाही. दांडा त्यानं बनवला होता.

होळीच्या आदल्या दिवशी त्यानं अंगणात बायकोला, रुख्माला उभं केलं, पाईप तिच्या बेंबीशी टेकवला आणि खडूनं खूण केली. गुदगुल्या होतात म्हणून ती पळाली. दोनदा धरून आणावी लागली. पाणी पडलं की चिखलात चालवून पाहू, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. पाणी पडायच्या आत रुख्मा गेली. माप कोणाचं, हे त्यानं कंपनीत कोणालाच सांगितलं नव्हतं. यंत्र पास झालं असतं, तर तिच्या उंचीचे ऐंशी दांडे तालुक्याच्या बांध्यांमधून फिरले असते.

“बुटक्या बाया नाहीत काय गावात?” तो म्हणाला.

“आहेत ना मामाजी. पण सकाळपासून बारा जणींनी चालवलं, बाराच्या बारा वाकल्या. मी विकू कोणाले?” खेमराज म्हणाला.

“मंग नट-बोल्ट लावू. हा असाच राहू दे, जिले लागंल ते वर करंल.”

“चिखलात महिनाभरात जाम होते. मागचे अकरा नग कायले आले होते परत?”

गोदाम सांभाळणाऱ्या रश्मीनं आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, “लांब पाईप आहे काका आपल्याकडे. पाच इंच वाढवलं तरी काही अडत नाही.”

सगळे टिकारामकडे पाहू लागले. नाही म्हणायचा हक्क त्यालाही होता. दुर्गेश्वरीबाईचा हात अजून कमरेवरच होता. तो त्या हाताकडे पाहत राहिला.

“चुकलं,” तो म्हणाला. “माप घेताना चुकलो मी.”

गजेंद्रनं तसं कागदावर लिहिलं. मग म्हणाला, “बाई, जरा सरळ उभ्या राहा. मिस्त्री तुमचं माप घेतील.”

दुर्गेश्वरीबाई चिखलाच्या पायांनी वर आली. ती दूरच्या गावची, तिला इथलं काही ठाऊक नव्हतं.

“काही म्हणा जी,” ती म्हणाली, “आधी घरच्या बाईच्या हाती एक डाव द्याचं होतं. तिनंच सांगतलं असतं.”

खेमराज हसता हसता थांबला. रश्मी आपल्या चपलांकडे पाहू लागली.

“हो ना,” टिकाराम म्हणाला. “राहूनच गेलं.”

त्यानं पाईप तिच्यापुढं उभा धरला. खडू खालीच, जुन्या उंचीशी टेकला.

“वर, भाऊ,” दुर्गेश्वरीबाई म्हणाली. “अजून वर.”